व्हय म्हाराजा म्हणणारं बटण

“पाच दिसात बोलाक लागतलो मां?”

तोंडानं बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी आम्ही मे महिन्यात शिबिर घेतो. त्याची चौकशी करणारे पालक फोनवर पहिल्यांदा हेच विचारतात. मी सिंधुदुर्गात काम करणारी स्पीच थेरपिस्ट. माझं उत्तर दर वर्षी एकच, ‘नाही’. मग पलीकडे जरा शांतता आणि दुसरा प्रश्न: मग शिबिरात करता तरी काय? याचं उत्तर फोनवर कधी धड देता आलेलं नाही. कुणाची एसटी येते, कुणाची रेंज जाते. म्हणून इथे सविस्तर सांगते.

आधी ही मुलं कोण ते. बोलणं ही एकच क्रिया आहे असं आपण धरून चालतो, पण तिच्यात दोन निराळी कामं आहेत. काय सांगायचं ते मनात जुळवायचं, ही भाषा. जुळवलेलं श्वास, स्वरतंतू, जीभ, टाळू, ओठ यांच्याकडून आवाजात उतरवून घ्यायचं, ही वाचा. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे सीपीत, वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच इजा झालेली असते. स्नायू जागच्या जागी असतात, पण मेंदूकडून त्यांना येणारे हुकूम वेडेवाकडे पोचतात. ज्या मुलाचा हात ताटापर्यंत नीट जात नाही, त्याची जीभही ‘क’ आणि ‘त’च्या जागी वेळेवर पोचत नाही. मनात वाक्य तयार असतं आणि तोंडातून फक्त ‘आँ’ येतं. ऑटिझम, डाउन सिंड्रोम, वाचेचा अप्रॅक्सिया (उच्चारासाठी लागणाऱ्या हालचालींची आखणी मेंदूतच अडते) अशी इतरही कारणं आहेत आणि प्रत्येकात अडतं ती जागा वेगळी. काहींना भाषा समजायलाही वेळ लागतो, काहींना सगळं समजतं.

रोजच्या गरजेपुरतंही तोंडी बोलणं ज्यांना साधत नाही, अशा या सगळ्यांना आमच्या धंद्यात ‘कॉम्प्लेक्स कम्युनिकेशन नीड्स’ असलेली मुलं म्हणतात. गावात एकच शब्द आहे, ‘मुको’. आणि मुको म्हटलं की त्याला कळतही नाही असं धरून त्याच्यासमोरच ‘ह्येचा पुढे कसा होतला’ सुरू होतं. पाहुणे विचारतात, आई रडते, आणि तो ऐकत बसलेला असतो. (ऐकू येतं की नाही हे मात्र आधी तपासायचंच. न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झाली पाहिजे. दहा वर्षांच्या मुलाची ती पहिल्यांदा आम्ही करायला लावली, असंही घडलंय.)

आता उपाय. त्याला एएसी म्हणतात, मराठीत पूरक आणि पर्यायी संवाद. नाव जड आहे, गोष्ट तुम्ही रोज बघता. एसटीचा कंडक्टर दोरी ओढून एक घंटा देतो, गाडी थांबते. दोन देतो, गाडी सुटते. तोंडातून शब्द नाही, तरी ड्रायव्हरला निरोप बिनचूक पोचला. कारण घंटेचा अर्थ दोघांनी आधी ठरवलेला आहे. एएसी म्हणजे एवढंच, फक्त दोन घंटांच्या जागी शंभर, दोनशे, हजार शब्द. ते बोटानं चित्रावर दाखवून सांगता येतात, नजरेनं सांगता येतात, मुठीनं दाबायच्या बटणावर सांगता येतात, टॅबवर चित्र दाबलं की आवाजातही सांगता येतात. स्टीफन हॉकिंग शेवटच्या काळात गालाच्या स्नायूच्या हालचालीवर कॉम्प्युटर चालवत, हे बहुतेकांनी पाहिलेलं उदाहरण. मला त्याहून जवळचं वाटतं ते मुंबईच्या मालिनी छिब यांचं. सीपी, बोलणं अस्पष्ट, एका बोटानं टाइप केलेलं यंत्र बोलून दाखवतं, आणि लंडनमधून दोन मास्टर्स पदव्या. त्यांच्या आई मिठू आलूर यांनी 1972मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली ती या लेकीमुळेच.

चित्रांच्या भाषेची एक गोष्ट मला फार आवडते, विषयाला थोडी सोडून आहे. चार्ल्स ब्लिस नावाचा ज्यू माणूस नाझींच्या छळछावणीतून सुटून शांघायला पोचला. तिथली चिनी चित्रलिपी पाहून त्याच्या डोक्यात आलं की सगळ्या जगाला वाचता येईल अशी चिन्हांची लिपी केली तर माणसं एकमेकांना फसवणार नाहीत, लढायाही होणार नाहीत. 1949मध्ये त्यानं ती छापली. जगानं ढुंकून पाहिलं नाही. 1971मध्ये टोरांटोतल्या एका केंद्रातल्या शिक्षिकांना ती सापडली आणि त्यांनी न बोलणाऱ्या सीपीच्या मुलांना दिली. मुलांनी ती उचलली. आपल्याकडे कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सीनं भारतीय चित्रचिन्हांचा संच केला, कारण परदेशी चित्रात जेवण म्हणजे काटा-चमचा आणि घर म्हणजे धुराड्याचं घर. मुंबईच्या आयआयटीनं केलेलं ‘जेलो’ हे अॅप मराठीतही आहे आणि फुकट आहे. कायद्यातही याला जागा आहे: 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धती येतात. म्हणजे चित्रांच्या बोर्डावर बोट ठेवून सांगितलेलं कायद्याच्या नजरेत बोलणंच आहे. शाळेत मुख्याध्यापकांनी कपाळाला आठी घातली की मी हे सांगते.

यावर पालकांची हमखास शंका: बोर्ड दिला तर आळशी होईल, तोंडानं बोलायचं सोडून देईल. आजीचा सल्ला वेखंड उगाळून जिभेला लावायचा, कुणी सांगतं जिभेखालचा पडदा कापा, आणि ही बाई सांगते चित्रं दाखवा, म्हणजे हिनं आशाच सोडली की काय! भीती खरी आहे, म्हणून आकडा सांगते. 2006मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी आधीचे अभ्यास तपासले. ज्यांचे पुरावे पक्के होते अशा 27 जणांत एएसी सुरू केल्यावर 89 टक्क्यांचं तोंडी बोलणं वाढलं, 11 टक्क्यांचं होतं तसं राहिलं, कमी कुणाचंच झालं नाही. वाढ बहुतेकांत लहानशी होती, हेही सांगून टाकते. बोर्ड म्हणजे जादू नव्हे. पण तोंडी बोलण्याच्या आड तो येत नाही.

आता शिबिर कशाला, हा मुद्दा. आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असलेला एक हिशेब आहे. बाळाच्या कानावर दिवसातून 8 तास बोलणं पडतं असं धरा. दीड वर्षात 4,380 तास होतात. एवढं ऐकून झाल्यावर ते मोजके शब्द बोलतं आणि आपण पेढे वाटतो. आता चित्रांनी बोलायला शिकणारं मूल घ्या. चित्रांनी बोलणारं माणूस त्याला दिसतं कुठे? फक्त थेरपीत. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. वर्षाचे 52 तास. याच वेगानं 4,380 तास व्हायला 84 वर्षं लागतील.

आणि आठवड्यातून दोनदा हे मुंबई-पुण्याचं. देवगड तालुक्यातल्या आईला ओरोसला जिल्हा रुग्णालयात यायचं तर एसटीत मूल मांडीवर घेऊन सकाळी निघायचं, दिवेलागणीला परतायचं, आणि मधे अर्धा तास थेरपी. महिन्यातून दोनदा जमलं तरी मी तिला मानते. त्या अर्ध्या तासात मूल थकलेलं, समोर मी परकी बाई, टेबलावर प्लॅस्टिकची फळं. ‘केळं कुठंय? दाखव.’ केळं समोर आहे, मला दिसतंय, त्याला दिसतंय. यात सांगण्यासारखं काय आहे?

शिबिरात पाच दिवस, रोज सकाळी आठ ते बारा. वीस तास. आठवड्याला एक तास धरला तर वीस आठवड्यांची थेरपी. दहा-बारा मुलं, प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस, आम्ही चार-पाच थेरपिस्ट आणि मुंबईहून आलेले शिकाऊ विद्यार्थी. कोणाच्या तरी खळ्यात चुडतांचा, म्हणजे माडाच्या झावळ्यांचा, मांडव असतो. ओहोटी सकाळी असेल त्या दिवशी किनाऱ्यावर सुरूच्या बनात. तास वाढतात हा एक भाग. मोठा भाग असा की इथे सांगण्यासारखं काहीतरी घडत असतं. लाट अंगावर येते, कुर्ली पळते, कुणीतरी कुणाची टोपी पळवतं.

गाऱ्हाण्याचं सांगते. कोकणाबाहेरच्यांसाठी: गावातला जाणता माणूस देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसं एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आम्ही रोज सकाळची सुरुवात खोट्या-खोट्या गाऱ्हाण्यानं करतो. शेजारचे एक काका खरोखरच्या देवळात गाऱ्हाणं घालतात, ते हौसेनं येतात.

अकरा वर्षांचा एक मुलगा होता. सीपी, हातापायांवर ताबा कमी, आवाज निघतो पण शब्द नाही. त्याच्या खुर्चीच्या पाटावर आम्ही एक बटण बसवलं. ताटलीएवढं, लाल, दाबलं की त्यात भरून ठेवलेलं एक वाक्य बोलणारं. वाक्य होतं ‘व्हय म्हाराजा!’ आवाज त्याच्या चुलतभावाचा भरला होता, कारण अकरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी माझा चाळिशीतला बाईचा आवाज घालणं म्हणजे त्याला माझा परकर नेसवण्यासारखं आहे. (पहिल्या वर्षी आम्ही तेच केलं होतं.)

पहिल्या दिवशी काका म्हणाले, “आज ही पोरां हय जमली आसत, त्यांका उनाचो त्रास होव नये म्हाराजा!” आणि सगळा मांडव ओरडला, “व्हय म्हाराजा!” मुलाची मूठ तेव्हा कुठे पाटावरून उचलली जात होती. त्याचं बटण वाजलं तोवर काका तिसऱ्या वाक्यावर होते. त्याला मनात ‘आता’ म्हटल्यापासून मूठ बटणावर पडेपर्यंत सहा-सात सेकंद लागतात. आपल्या गप्पांत सहा सेकंद कोणी कोणाला देत नाही. अशी मुलं गप्प दिसतात त्यातलं निम्मं कारण हे: त्यांची पाळी येते तेव्हा आपण पुढे गेलेले असतो.

दुसऱ्या दिवशी नियम केला. आधी ह्याचं बटण, मग बाकीच्यांनी म्हणायचं. काकांना थांबणं जड गेलं, उगाच घसा खाकरत राहिले. पण मूठ आली, बटण वाजलं, मागून सगळ्यांचा गजर झाला. तिसऱ्या दिवशी तो काकांच्या तोंडाकडे बघून वाक्य कुठे संपतंय याचा अंदाज घ्यायला लागला, मूठ आधीच उचलून ठेवायला लागला. यालाच आम्ही पाळी घेणं म्हणतो आणि कागदावर उद्दिष्ट म्हणून लिहितो. चौथ्या दिवशी काका म्हणाले, “लाइट जाव नये म्हाराजा!” सगळे थांबले. मूठ बटणावर अलगद टेकलेली, पण दाब नाही. आम्हाला वाटलं हात अडकला. विद्यार्थिनी मदतीला उठली, तिला मी खुणेनं बसवलं. तो काकांकडे बघत होता आणि हसू दाबत होता. त्याला कळलं होतं की तो दाबेपर्यंत चाळीस माणसं आणि देवसुद्धा अडलेत. काका म्हणाले, “काय रे, देवाक ताटकळत ठेवतंस?” तेव्हा त्यानं दाबलं.

हे एक वाक्य, तेही भरून दिलेलं. पण कधी म्हणायचं आणि कधी म्हणायचं नाही हे त्याचं होतं. मस्करी करायला फार शब्द लागत नाहीत.

अर्थात पुढे शब्द लागतातच, आणि बोर्डावर कोणते शब्द ठेवायचे यावर पालकांची आणि आमची दर वर्षी खडाजंगी होते. पालकांची यादी ठरलेली: पाणी, जेवण, शी, शू, टीव्ही, आंबा. हे उपयोगाचं नाही असं कोण म्हणेल? पण मोठ्यांच्या तासाला आम्ही असाच सहा चौकोनांचा बोर्ड त्यांच्याच हातात देतो आणि वीस मिनिटं तोंड बंद, फक्त बोर्डावर गप्पा मारा म्हणतो. एका मच्छीमार वडिलांना शेजारच्याला डिझेलच्या भावाबद्दल काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी ‘पाणी’वर बोट ठेवलं, मग ‘शी’वर, मग स्वतःच हसले. दोन मिनिटांत बोर्ड खाली ठेवला. “ह्यात बोलण्यासारख्या काय आसा?” त्यांचा मुलगा तोच बोर्ड दोन वर्षं वापरत होता. किंवा आईच्या तक्रारीनुसार, ‘वापरतच नव्हता’.

नुसती नामं देऊन वाक्य होत नाही. आपण दिवसभरात जे बोलतो त्यातला मोठा हिस्सा दोन-तीनशे शब्दांतच फिरतो, आणि त्यात आंबा-फणस नसतात. मी, तू, नको, अजून, दे, जा, ये, बघ, उघड, थांब, संपलं, कुठे, का, माझं, वेगळं, मदत. या गाभ्याच्या शब्दांची गंमत अशी की ते कुठेही चालतात. ‘अजून’ हा शब्द लाटेला चालतो, गाण्याला चालतो, वाटाण्याच्या उसळीलाही चालतो. ‘वाटाणे’ फक्त वाटाण्यांना. म्हणून बोर्डाचा मधला भाग या शब्दांना आणि कडेची एक पट्टी त्या दिवसाच्या खास शब्दांना: वाळू, लाट, होडी, कुर्ली. पट्टी बदलते, मधले शब्द जागा बदलत नाहीत. आईचा हात मसाल्याच्या डब्यात न बघता हळदीच्या वाटीवर जातो, कारण हळद वर्षानुवर्षं त्याच जागी आहे. बोर्डाचंही तसंच. शब्द दर आठवड्याला हलवले तर मुलाला रोज नवं स्वयंपाकघर.

आणि ‘गप’ हा शब्द. तो आम्ही प्रत्येक बोर्डावर ठेवतो आणि प्रत्येक वर्षी कुणीतरी येऊन काढा म्हणतं. एक आई म्हणाली, मोठ्या माणसांना गप म्हणतो, बरं दिसत नाही. मी विचारलं, त्याचा सात वर्षांचा भाऊ कधी म्हणत नाही? म्हणतो, फटका खातो. मग ह्यालाही रागवा. फटका नको, पण रागवा. उद्धट बोलल्याबद्दल ओरडा खाणं हा त्याचाही हक्क आहे. शब्दच काढून घेतला तर तो चावतो, केस ओढतो, डोकं आपटतो, आणि त्याला आपण ‘वागणुकीची समस्या’ म्हणतो.

भाषेचा घोळ वेगळाच. टॅबमधला मराठी आवाज ‘मला पाहिजे’ म्हणतो, ‘थांबा’ म्हणतो. मालवणी घरात ‘माका होया’ असतं आणि ‘रव’ असतं. मूल बटण दाबून ‘थांबा’ म्हणालं की घरातली पोरं खिदळतात, दूरदर्शनची बातमी लागल्यासारखं वाटतं त्यांना. रत्नागिरीकडे संगमेश्वरी, दापोली-खेडकडच्या मुस्लिम घरांत त्यांची कोकणी. शाळेची भाषा पुस्तकी. मी आधी शाळेचा विचार करून प्रमाण मराठीच भरायचे. आता नाही. मूल ज्या बोलीत रागावतं ती आधी. शाळेची मराठी नंतर येते, बाकीच्या मुलांना येते तशीच. ‘नको’ मात्र दोन्हीकडे ‘नको’च, हा आपला फायदा.

हा ‘नको’ कसा बाहेर येतो ते पाहायचं तर थांबावं लागतं.

देवगड तालुक्यातली नऊ वर्षांची एक मुलगी आजीबरोबर आली होती. हात अजिबात चालत नाहीत, मान जेमतेम, डोळे मात्र चाकूसारखे. अशा मुलांसाठी पारदर्शक अॅक्रिलिकची पाटी असते, मधोमध खिडकी कापलेली, चार कोपऱ्यांत चार चित्रं. पाटी मुलाच्या आणि आपल्यामध्ये धरायची. मूल ज्या कोपऱ्याकडे बघतं ते आपल्याला खिडकीतून दिसतं. विजेची गरज नाही, रेंज नको. खर्च अॅक्रिलिकच्या तुकड्याचा.

खाऊची वेळ होती. कोपऱ्यांत आंबा, चहा, बिस्किट आणि नको. मी विचारलं, काय हवं? आजी लगेच, “तिका आंबोच आवडता.” मी आजींना म्हटलं, मनात दहापर्यंत मोजा, तोवर बोलायचं नाही. आजी मोठ्यानं मोजायला लागल्या. मनात, आजी. मग ओठ हलवत मोजलं. चारवर त्यांनी माझ्याकडे बघितलं, सहावर आंब्याची फोड पुढे केली. मी मान हलवली. आठच्या सुमारास मुलीची नजर आंब्यावर गेली. आजींचा चेहरा उजळला. तिथून ती हळूहळू ‘नको’वर गेली. थांबली. मग चहावर.

मला खात्री नव्हती. नजर भटकूही शकते. म्हणून पाटी उलटीसुलटी करून चित्रांच्या जागा बदलल्या आणि पुन्हा विचारलं. (गाभ्याचे शब्द हलवायचे नाहीत हे मी वर सांगितलं, पण खात्री करताना एकदा हलवावे लागतात.) पुन्हा आंबा, नको, चहा. आजींनी कपाळावर हात मारला. “देवगडात ऱ्हवान आंबो नको म्हणता ही!” नऊ वर्षं दर मे महिन्यात त्या पोरीला रोज आंबा भरवला होता, सालं काढून, धागे काढून, प्रेमानं. चहा मुलांना देऊ नये म्हणून कधी दिलाच नव्हता. त्या दिवशी अर्धा कप दिला, बिस्किट बुडवून.

काय आणि कसं भरवायचं, तेही आमचंच काम आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बरेचसे तेच. म्हणून शिबिरात खाणं हा खाऊचा वेळ नसून कामाचा वेळ असतो. कोकम सरबत आणि सोलकढी पातळ, घशात झपकन उतरते, ज्याचं गिळणं मंद त्याला ठसका लागतो, प्यायलेलं श्वासनलिकेत जाऊन छातीत कफ होऊ शकतो. आमरस दाट, सावकाश जातो, काहींना तो सोपा. बरका फणस आम्ही मांडवात येऊच देत नाही: बुळबुळीत, दोरेदार, चावायच्या आत घशात. आडवं निजवून भरवायचं नाही, पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. कोणाला काय चालेल हे मुलागणिक वेगळं, म्हणून हे वाचून घरी प्रयोग करू नका, आधी दाखवून घ्या.

आमचे प्रयोग फसलेलेही सांगायला हवेत. पहिल्या वर्षी आम्ही चार टॅब घेऊन थेट पुळणीवर गेलो. मे महिन्यातलं ऊन. पडद्यावर मुलाला स्वतःचं तोंड दिसत होतं, चित्रं नाही. वीस मिनिटांत दोन टॅब तापून बंद पडले. उरलेले दोन संध्याकाळी चार्ज करायचे तर वळीवाच्या पहिल्या सरीबरोबर लाइट गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मग कागदाची कार्डं काढली, व्हेल्क्रोनं चिकटवायची. व्हेल्क्रोत वाळू गेली की ते पुन्हा चिकटत नाही, हे ज्ञान आम्हाला तिथेच झालं. लॅमिनेशन चकचकीत केलं होतं, त्यावरही ऊन चमकलं. आता मॅट लॅमिनेशन, भोक पाडून रिंग, गळ्यात दोरी. टॅब मांडवात. चाकांची खुर्ची वाळूत रुतते म्हणून होडी ओढतात तशा फळ्या टाकतो, आणि ओढायला गावातले झिल, म्हणजे पोरगे, असतात.

आणखी एक चूक, ही यंत्रांची नव्हे, माझी. पहिली दोन वर्षं आम्ही मुलांना सारखं विचारत होतो. हे काय? ते कुठंय? दाखव बघू. मुलं दाखवायची, आम्ही टाळ्या वाजवायचो, टिपणवहीत बरोबरच्या खुणा. शिबिर संपल्यावर त्या खुणा मोजताना लक्षात आलं की जवळपास सगळ्या आमच्या प्रश्नाची उत्तरं होत्या. मुलानं आपणहून सुरुवात केली असे प्रसंग मोजायला बोटं पुरली. आपण शिबिर नाही, तोंडी परीक्षा घेतली होती. आता वहीत दोन रकाने असतात: विचारल्यावर आणि आपणहून. प्रश्न कमी आणि स्वतः बोर्ड वापरून बोलणं जास्त, हा मोठ्यांचा नियम. ‘लाट आली’ असं म्हणताना मी ‘ये’वर बोट ठेवते. ‘अजून एक’ म्हणताना ‘अजून’वर. मुलानं काही दाखवायची सक्ती नाही. त्या 4,380 तासांत बाळाला तरी कोण लगेच बोलून दाखव म्हणतं? सगळ्यांत आधी शिकतात ती भावंडं. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्या गळ्यात बोर्ड असतो आणि तोंडानं बोलता येत असूनही एकमेकांना ‘गप’ दाखवत हिंडतात.

पाच दिवसांनंतर काय, हे विचाराल तर सगळं पुढच्या महिन्यांवर. घरात बोर्ड भिंतीला खिळ्यावर टांगला तर तो तिथेच राहतो, हा अनुभव आहे. मुलाच्या जवळ, हाताशी, नजरेसमोर असला तर चालतो. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, लोक ज्याला डीईआयसी म्हणतात तिथे, चौकशी करावी. आशाताईंना किंवा शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षकांना विचारलं तरी वाट सापडते. थेरपिस्टकडे पुनर्वास परिषदेचा, आरसीआयचा, नोंदणी क्रमांक आहे का ते विचारा, त्यात संकोच नको. ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चाची सोय आहे आणि त्यात थेरपीही धरतात. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून बोर्डासाठी थांबू नका. वहीच्या पाठीवर चार चित्रं काढून आज संध्याकाळीही सुरू करता येतं. ‘आधी नीट बसू दे, आधी चित्रं ओळखू दे’ अशी काही पूर्वअट नाही.

जुलैच्या मध्यावर त्या देवगडच्या आजींचा फोन आला. अॅक्रिलिकची पाटी नातवाच्या हातून पडून फुटली होती. म्हटलं पाठवते दुसरी, पण पावसात कुरिअरला आठ दिवस लागतील. “नको पाठव,” आजी म्हणाल्या, “मी केलंय.” संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. पुठ्ठ्याचा तुकडा, मधे सुरीनं कापलेली खिडकी, कोपऱ्यांत नातवानं स्केचपेननं काढलेली चित्रं: चहा, नको, रव आणि गप. आंबा कुठेच नव्हता. दुसरा फोटो मागच्या बाजूचा होता, आजी जिथून बघतात तिथून. खिडकीच्या वर मोठ्या हिरव्या अक्षरांत छापलेलं होतं, ‘अस्सल देवगड हापूस’.